मुंबई ते नैरोबी : सहा तास की दहा दिवस?

गेल्या वर्षी पौषात, रात्री साडेनऊच्या सुमारास, नैरोबीहून फोन आला. माझी आत्या, जिला घरात आम्ही सारे फईबा म्हणतो, न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया ठरली होती. फईबांचे वय चौऱ्याऐंशी. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील, एकोणऐंशी वर्षांचे. बापुजींनी फोन माझ्या हाती दिला, थोडा वेळ स्वस्थ बसले आणि मग एकच प्रश्न विचारला, "विमान किती तासांचे?"

मी म्हणालो, "सहा तासांचे."

"मग उद्या निघू."

हे उत्तर मी दिले नसते तर बरे झाले असते, असे पुढे चार दिवस वाटत राहिले. कारण सहा तास हे विमानाचे अंतर होते, आमचे नव्हते. या दोन्हींमधला फरक मला त्या प्रवासात समजला. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची माणसे समुद्रापलीकडे आहेत, म्हणून तो येथे मांडत आहे.

प्रथम विमानाचा हिशेब पाहू. मुंबई आणि नैरोबी यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ४,५३० किलोमीटर आहे. थेट विमानाला हे अंतर कापण्यास साधारण सहा तास लागतात. परतीला बहुधा त्याहून थोडा कमी वेळ लागतो. परंतु तिकिटावर छापलेल्या वेळा पाहून नवखा माणूस हमखास गोंधळतो. भारताचे घड्याळ केनियाच्या घड्याळापेक्षा अडीच तास पुढे असते. मुंबईहून सकाळी सहाला सुटलेले विमान नैरोबीच्या घड्याळाने साडेनऊलाच उतरते. कागदावर प्रवास साडेतीन तासांचा दिसतो. उलट नैरोबीहून सायंकाळी पाचला निघालेला माणूस मुंबईत मध्यरात्रीनंतर एक वाजता पोहोचतो आणि तोच प्रवास आठ तासांचा भासतो. हे अडीच तास जाताना हाती येतात आणि येताना परत द्यावे लागतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ती उसनवारी आहे, कमाई नव्हे.

यात भिवंडीहून विमानतळापर्यंतचे पस्तीस-चाळीस किलोमीटर मिळवा. महामार्गावर मालमोटारींची रांग लागली तर त्यालाच दोन तास लागतात. उड्डाणापूर्वी तीन तास हजर राहावे लागते. उतरल्यावर तपासणी, सामान आणि शहरात शिरण्याचा वेळ वेगळा. आमच्या उंबरठ्यापासून फईबांच्या उंबरठ्यापर्यंत हिशेब केला तर तेरा तास भरतात. तरीही तेरा तास म्हणजे एक दिवसच. बापुजी म्हणाले त्याप्रमाणे उद्या निघून उद्याच पोहोचता आले असते.

पण तसे झाले नाही. केनियात आता व्हिसा लागत नाही. जानेवारी २०२४पासून त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना घ्यावा लागतो. अर्ज घरबसल्या भरता येतो, पण मंजुरीला दोन-तीन दिवस जातात. दुसरी अडचण अधिक कठीण होती. केनिया पीतज्वराच्या प्रदेशात मोडतो. तेथून भारतात परतणाऱ्या प्रत्येकाजवळ पीतज्वराची लस घेतल्याचे पिवळे कार्ड असावे लागते आणि लस टोचल्यानंतर दहा दिवस उलटल्यावरच ते कार्ड ग्राह्य होते. कार्ड नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. म्हणजे अडथळा जाण्यात नाही, परत येण्यात आहे. माझे कार्ड २०१८ साली व्यापारासाठी गेलो होतो तेव्हाचे होते आणि एकदा घेतलेले कार्ड आता जन्मभर चालते. बापुजींनी लस कधीच घेतलेली नव्हती.

आम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. साठी उलटलेल्या माणसाला ही लस प्रथमच द्यायची असेल तर फार विचारपूर्वक द्यावी लागते, असे त्यांनी सांगितले. बापुजींच्या हृदयाचे दुखणे जुने आहे. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. लस न घेता जावे तर परतल्यावर या वयात विलगीकरण कक्षात सहा दिवस काढावे लागतील, हेही समजावले. बापुजींनी सारे शांतपणे ऐकले. घरी येताना गाडीत ते म्हणाले, "म्हणजे ज्याला लस चालते त्यालासुद्धा दहा दिवस थांबणे आलेच. बोटीलाही तेवढेच लागत."

बोटीची ही गोष्ट आमच्या घरात अनेकदा सांगितली गेली आहे, पण त्या दिवशी ती मी नव्याने ऐकली.

आमचे मूळ हालारातले, जामनगरभोवतीच्या बावन्न गावांपैकी एका गावातले. शेती कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा दुष्काळ 'छप्पनियो' म्हणून आजही वृद्धांच्या तोंडी आहे. योगायोग असा की त्याच १८९९ साली मोम्बासाहून निघालेले रेल्वेचे रूळ एका ओसाड, दलदलीच्या पठारावर पोहोचले आणि तेथे रेल्वेची छावणी पडली. मासाई लोक त्या जागेला 'थंड पाणी' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. तेच आजचे नैरोबी. ती रेल्वे बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेण्यात आले होते. त्यांत बहुसंख्य पंजाबातले होते आणि सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. रुळांच्या मागोमाग मीठ, साखर, कापड विकणारा दुकानदार गेला. कच्छच्या अलीदिना विश्राम यांच्या दुकानांची साखळी त्या काळात पूर्व आफ्रिकेभर पसरली होती. हालारातली आमची माणसे त्याच वाटेने गेली.

माझे पणजोबा वहाणातून गेले. वहाण म्हणजे शिडाचे जहाज. त्याला वेळापत्रक नसे, मोसम असे. साधारण नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा वारा वाहतो. तो शिडात भरून कच्छ-सौराष्ट्राच्या बंदरांतून आफ्रिकेचा किनारा गाठायचा. पुढे वारा उलटून नैऋत्येचा झाला की परतायचे. तेही भर पावसाळ्याचे दिवस टाळून, कारण तेव्हाच्या समुद्रात वहाण टिकत नसे. स्वाहिली भाषेत या दोन वाऱ्यांना 'कास्काझी' आणि 'कुसी' अशी नावे आहेत. वारा अनुकूल असला तरी जाण्यास महिनाभर लागे. गेलेला माणूस वारा उलटेपर्यंत परतूच शकत नसे. पणजोबा परतले ते बारा वर्षांनी.

फईबा १९६१ साली लग्न होऊन गेल्या त्या आगबोटीने. तोवर आजोबांनी हालार सोडून भिवंडीत माग घातले होते. मुंबई ते पूर्व आफ्रिका या मार्गावर तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'कारंजा' आणि 'कंपाला' या बोटी चालत. फईबांची बोट 'कारंजा'. हे नाव ऐकले की आपल्याला वऱ्हाडातले कारंजा आठवते. बापुजींना मात्र बॅलार्ड पियर आठवते. तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. बोट धक्क्यापासून सुटताना आधी हातभर पाणी दिसले, मग घराच्या अंगणाएवढे, मग माणूस ओळखू येईना, असे ते सांगतात. मुंबई ते मोम्बासा सुमारे २,४०० सागरी मैल. थांबे धरून आठ-दहा दिवस. पुढे मोम्बासाहून रात्रभराची रेल्वे, समुद्रसपाटीपासून सतराशे मीटर उंचीवर चढत जाणारी.

विमान तेव्हा नव्हते असे नाही. एअर इंडिया इंटरनॅशनलने १९५० सालीच एडनमार्गे मुंबई-नैरोबी सेवा सुरू केली होती. पण ते भाडे आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. १९६८ साली आजी वारली तेव्हा फईबांना तार गेली. तार एका दिवसात पोहोचली. फईबा पोहोचल्या पाच महिन्यांनी, पैसे साठवून, दोन लहान मुलांना घेऊन. आईचे अंत्यदर्शन तर सोडाच, घरातले सुतकाचे वातावरणही तोवर निवळले होते. पण आल्या त्या सात महिने राहिल्या. इतक्या लांबून आलेले माणूस आठ दिवसांत परत जाणार नाही, हे कुणाला सांगावेही लागले नाही. मुलांना भिवंडीच्या मराठी शाळेत घातले. माझे आतेभाऊ, ज्यांना मी मोटाभाई म्हणतो, आजही पाढे मराठीतच म्हणतात. आमच्या आणि त्यांच्या घरामधला पुढचा कापडाचा व्यवहार, उधारी, एकमेकांच्या शब्दावर पाठवलेला माल, हे सारे त्या सात महिन्यांच्या भांडवलावर चालले.

पुढे विमान स्वस्त झाले तसे येणे वाढले आणि राहणे घटले. १९८४ साली फईबा आल्या त्या दीड महिना राहिल्या. माझ्या लग्नाला एकवीस दिवस. त्यानंतर दहा, मग पाच. दोन वर्षांपूर्वी मोटाभाईंचा मुलगा एका प्रदर्शनासाठी मुंबईस आला, दोन रात्री राहिला आणि परतला. तो आहे हे कळल्यापासून बापुजी दोन्ही सायंकाळी पेढीच्या ओट्यावर बसून होते. त्यांनी तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले, "सुटले का विमान?"

माझा परवाना तिसऱ्या दिवशी आला. दरम्यान शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली होती. मी चौथ्या दिवशी पहाटे निघालो. परतीचे तिकीट त्यानंतर चौथ्या दिवसाचे घेतले, कारण महिनाअखेर जवळ आली होती आणि ते आमच्या धंद्यात पेमेंटचे दिवस असतात. सूतवाल्याला द्यायचे असते आणि ग्रे कापडाचे पैसे वसूल करायचे असतात. बापुजींनी सुखडीचा डबा दिला आणि ऐन वेळी त्यावर एक जुने छायाचित्र ठेवले. आजीचे होते.

मुंबई सोडल्यावर सरळ रेषा नैऋत्येकडे जाते. मार्गाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग अरबी समुद्रावरून आहे. मग सोमालियाचा किनारा येतो आणि पुढे कोरडी, पिवळट जमीन लागते. विमान पश्चिमेकडे धावत असते, त्यामुळे सूर्योदयही लांबत जातो. नवकारशी कोणत्या गावच्या घड्याळाने धरावी हा प्रश्न मला पडला. शेवटी खिडकीतून प्रत्यक्ष सूर्य दिसल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटे मोजली. जैन भोजन मी आधीच नोंदवले होते. ते आयत्या वेळी मागून मिळत नाही, निदान एक दिवस आधी कळवावे लागते. खाली चार तास निळ्यावाचून काही दिसत नव्हते. याच पाण्यावर पणजोबांनी महिना काढला, फईबांनी दहा दिवस. मी त्यातला बराच वेळ झोपून काढला.

नैरोबी विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे, दीड अंशाहूनही कमी. उतरण्याच्या सुमारे अर्धा तास आधी विमान विषुववृत्त ओलांडते, पण त्याची कुणाला वार्ताही नसते. विषुववृत्त म्हटले की आपल्याला उकाडा आठवतो. प्रत्यक्षात हे शहर महाबळेश्वराहून उंच आहे आणि जानेवारीतही सकाळी अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते.

रुग्णालयात फईबा उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा लहान झाला होता. मी पाया पडलो. त्यांनी प्रवास कसा झाला हे विचारले नाही. विचारले ते, "किती दिवसांसाठी आलास?"

"चार दिवस, फईबा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि सुनेकडे पाणी मागितले.

आजीचे छायाचित्र त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवले. दुसऱ्या दिवशी ते उशाशी दिसले. त्या दिवशी त्या आपणहून बोटीविषयी बोलू लागल्या. खालच्या डेकवर आपापली पथारी पसरायची, ट्रंकांची भिंत करून आडोसा करायचा. खाखरे आणि सुखडी घरून नेलेली. मळमळू लागले की लिंबू चोखायचे. शेजारच्या पथारीवर माहेरी येऊन परत जाणारी एक बाई होती. तिने दहा दिवसांत त्यांना बाजारापुरती स्वाहिली शिकवली, भाजीवाल्याशी घासाघीस कशी करायची ते सांगितले, सासरच्या नात्यातल्या कुणाशी सांभाळून राहायचे तेही सांगितले. "मोम्बासाला उतरले तेव्हा मी निम्मी इकडची झाले होते," फईबा म्हणाल्या. "तू पहाटे भिवंडीत होतास आणि दुपारी इथे. तुझे मन अजून पेढीवरच आहे. मघापासून तीनदा फोन पाहिलास."

ते खरे होते. मी बाहेर येऊन बापुजींना फोन लावला. काय बोलायचे ते ठरवले नव्हते. फईबा काय म्हणाल्या ते सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "पेमेंट मी पाहतो. तू राहा."

बापुजींनी पेढीवर नियमित बसणे सोडून सहा वर्षे झाली होती. जे स्वतः जाऊ शकले नाहीत त्यांनी आपले दिवस मला दिले. मी तिकीट बदलले. त्याचे जे पैसे पडले ते ऐकून माझ्या मुलाने आश्चर्य व्यक्त केले. चार दिवसांचे सोळा दिवस झाले.

त्या जादा बारा दिवसांत मी काही विशेष केले नाही. सकाळी रुग्णालयात आणि नंतर घरी फईबांपाशी बसायचो, दुपारी मोटाभाईंबरोबर बियाशारा स्ट्रीटवरच्या दुकानात जायचो. हा रस्ता पूर्वी बाजार स्ट्रीट म्हणून ओळखला जाई आणि कापडाची दुकाने तेथे आजही आहेत. नैरोबीला मी यापूर्वी दोनदा गेलो होतो, पण दोन्ही वेळा हॉटेल, गोदाम आणि विमानतळ एवढेच पाहिले होते. या खेपेस कान देऊन ऐकायला वेळ होता. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात, वाहनाला 'गारी', विम्याला 'बिमा', शंभर हजारांना 'लाकी' आणि धनादेशाला चक्क 'हुंडी'. आपल्याकडे हुंडी जुन्या वहीत राहिली. तिकडे ती रोजच्या बोलण्यात आहे. मोटाभाईंनी मला एक जुना रुपयाही दाखवला. १९२०पर्यंत तेथे रुपयाच चालत असे, शिलिंग त्यानंतरचा.

वेळ मोजण्याची तेथली रीत मात्र मला सर्वांत विलक्षण वाटली. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, आपले नऊ म्हणजे तिसरा. पहिल्याच दिवशी मी एका टेम्पोवाल्याशी बोलताना चुकलो आणि आम्हा दोघांचेही सहा तास हुकले! विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र बारमाही जवळजवळ सारखीच असल्याने ही रीत तेथे सहज निभते. फईबांचा चौविहारही त्यामुळे सोपा आहे. आपल्याकडे पंचांग पाहून सूर्यास्ताची वेळ काढावी लागते. तेथे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपासच मावळतो. साठ वर्षे घरातले शेवटचे जेवण एकाच वेळी झाले आहे. सून सांगत होती की शस्त्रक्रियेच्या दिवशी ग्लानीतही सहाच्या सुमारास त्या पाणी मागत होत्या.

रोज सायंकाळी आम्ही बापुजींना व्हिडिओ कॉल लावत असू. आधीही लावत असू, पण तो दोन मिनिटांत संपे, तब्येत, हवा, जेवण झाले का, आणि "ठेवतो." आता मी फोन टेबलावर नीट उभा करून ठेवी आणि बाहेर जाई. एकदा परत आलो तर दोघेही काहीच बोलत नव्हते. इकडे फईबा माळ फिरवत होत्या, तिकडे बापुजी चष्मा पुसत होते. फोन चालू होता. मी पुन्हा बाहेर गेलो.

एके दुपारी दुकानात मोटाभाईंचा मुलगा आणि मी असे दोघेच होतो. त्याने आपणहून विषय काढला. "काका, त्या वेळी भिवंडीला यायला हवे होते. दोनच रात्री होत्या. जाऊन येण्यात अर्धा दिवस गेला असता." मी त्याला दोष देऊ शकलो नाही. साडेचार हजार किलोमीटर सहा तासांत ओलांडून आलेल्या माणसाला पस्तीस किलोमीटरचे तीन तास जड वाटणे स्वाभाविक आहे. आणि मी तरी काय केले होते? २०१८ साली व्यापारासाठी नैरोबीला आलो तेव्हा फईबांना अर्धा तास भेटून गेलो होतो. त्यांच्या पार्कलँड्समधल्या घराखाली गाडी चालूच ठेवली होती. हे मी त्याला सांगितले. मग आम्ही दोघेही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

निघण्याच्या दिवशी फईबा चौकट धरून सहा पावले चालल्या. मी पाया पडलो तेव्हा म्हणाल्या, "भाईला सांग, आता बोटी बंद झाल्या. लस चालत नसेल तर नको येऊ. पण फोन असाच ठेवत जा." परतीचे विमान सायंकाळचे होते. घेतलेले अडीच तास परत दिले आणि मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरलो. पिवळे कार्ड दाखवण्याच्या रांगेत माझ्यापुढे एक वृद्ध जोडपे होते. त्यांच्याजवळ कार्ड नव्हते. कुणाच्या तरी अंत्यसंस्काराला घाईने गेले होते. अधिकारी त्यांच्याशी सौम्यपणे बोलत होता, पण त्यांना बाजूला थांबावे लागले.

सकाळी पेढीवर गेलो तर बापुजी गादीवर होते. सोळा दिवसांची वसुली त्यांनी आपल्या हाताने वहीत लिहिली होती. संगणकावर मुलाने वेगळी चढवली होती. दोन ठिकाणचे पैसे येणे बाकी होते. त्यांनी तीही दोन नावे वाचून दाखवली आणि मगच विचारले, "चालते का ती?"

"सहा पावले चालल्या."

त्यांनी मान डोलावली आणि वही मिटली.

ज्यांची माणसे पूर्व आफ्रिकेत आहेत अशा वाचकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते. पीतज्वराची लस शासनमान्य केंद्रातच मिळते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. जायचे ठरले म्हणून ती घेऊ नका. ठरण्यापूर्वीच, वय आणि प्रकृती अनुकूल असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेऊन ठेवा. आमच्या घरी बापुजींसाठी ती वेळ कधीच टळून गेली होती. बाकी सर्वांनी गेल्या चैत्रात ती घेतली. पारपत्राची मुदतही तपासून ठेवा. बाकीचे सहा तास विमान सांभाळते.

यंदा ऑगस्टमध्ये केनियातल्या शाळांना सुट्टी लागते तेव्हा मोटाभाईंची नात भिवंडीला येणार आहे, त्याच मुलाची मुलगी. वय अकरा. तिच्या वडिलांनी तिकीट पाठवले तेव्हा मी आधी परतीची तारीख पाहिली. मध्ये तीन आठवडे आहेत. बापुजींनी दिनदर्शिकेवर ते मोजले आणि मला बाजारातून उजळणीचे पुस्तक आणायला सांगितले. पाढे मराठीत शिकवायचे आहेत म्हणाले. तिच्या आजोबांना येतात, तिलाही यायला हवेत.